बेचाळिसावं पत्र

४ जानेवारी

ती. बाबांना व ती. सौ. आईला,
कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र शनिवारी पोचले. सर्व मंडळी खुशाल असल्याचे वाचून समाधान वाटले. इकडे मीही ठीक आहे. थंडी वाढली आहे. सकाळी उठावे तर खिडकीच्या काचेला आतून पाणी धरलेले असते. दुपारी दोन तास ऊन पडते, पण त्यात जीव नसतो.

काम नेहमीप्रमाणे. या महिन्यात एका अकरा मजली इमारतीत दोन नव्या लिफ्ट बसवत आहोत. सोबतचा मिस्त्री अनुभवी आहे, त्यामुळे शिकायला मिळते.

पाण्याच्या मोटरचे बेअरिंग बदलले का? मेकॅनिक घाईत असेल तर त्याला चहा पाजून बसवून घ्यावे, पण काम समोर उभे राहून करून घ्यावे. मागच्या वेळी त्याने ग्रीस जास्त भरले होते.

व्हिसाच्या अर्जासंबंधी कचेरीचे पत्र आले आहे. काही कागद कमी पडले, ते पुरवायचे आहेत. काळजीचे कारण नाही.

आईने गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यावी. मास्तरीणबाईंना नमस्कार. घरातील इतरांना यथायोग्य.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

---

४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आत्ताच बाबांना पत्र लिहून पाकीट बंद केलं. त्यात काळजीचं कारण नाही असं लिहिलंय. तुला खरं लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र भाऊजींनाही दाखवू नकोस.

तुला माहीतच आहे, मला इथं कायम राहायची परवानगी गेल्या वर्षी मिळाली, आणि लगेच हिला आणण्यासाठी मी अर्ज केला. त्यांची अट अशी, की लग्न नुसतं कागदावर नाही, चालू आहे, हे दाखवायचं. फोटो, पत्रं, जे असेल ते. मला वाटलं, पत्रांच्या बाबतीत आपल्या घराचा हात कोण धरणार? बाबांनी माझी चार वर्षांची सगळी पत्रं तारीखवार लावून ठेवलेली. सगळ्यांच्या झेरॉक्स प्रती त्यांनी रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. एक्केचाळीस. इथल्या एका सरकारमान्य भाषांतरकाराकडून मी सगळी भाषांतरित करून घेतली. म्हातारे गृहस्थ आहेत, निवृत्त शिक्षक. गठ्ठा परत देताना म्हणाले, की पत्रं उत्तम आहेत, पण हवामान खात्याला जास्त उपयोगी पडतील. मी हसलो. तेव्हा काही कळलं नाही मला.

आता कचेरीचं उत्तर आलंय. शब्द न् शब्द उतरवतो: अर्जदाराने सादर केलेल्या एक्केचाळीस पत्रांपैकी एकही पत्र पत्नीस उद्देशून नाही. एकाही पत्रात पत्नीचा उल्लेख आढळत नाही. पाण्याच्या मोटरचा उल्लेख चौदा वेळा आढळतो. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘इतर’ असा शब्द आहे. त्यात पत्नी समाविष्ट आहे काय, याचा खुलासा करावा.

फोटोंचंही तेच. लग्नाच्या फोटोत आम्ही चाळीस माणसांत आहोत आणि आमच्यामध्ये काका उभे आहेत.

नव्वद दिवसांत नवा पुरावा द्यायचा, नाहीतर अर्ज निकालात काढणार. परत अर्ज करायला दोन वर्षं थांबावं लागतं. ताई, मी काय करू? तू लहानपणी माझे निबंध लिहून द्यायचीस. हिला कसं लिहायचं, त्याचा एक कच्चा मसुदा करून देशील का? मी माझ्या अक्षरात उतरवून काढीन.

वाट बघतोय. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

१९ जानेवारी

चि. धाकट्यास अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग भाजी करपली, मग डोळ्यांत पाणी आलं. ते भाजीचंही असेल.

कचेरीच्या त्या माणसाचं काय चुकलं सांग? मला विचारशील तर त्या मोटरचाच व्हिसा काढ. ती बिचारी चार वर्षं तुझ्या विरहात घरघर करतेय, आणि तिची कागदपत्रंही चोख आहेत.

आता चेष्टा पुरे. मी दोनदा माहेरी गेले तेव्हा तुझं पत्र आलेलं होतं. ते कसं वाचलं जातं, तू विसरला असशील. जेवणं झाली की बाबा दिव्याखाली खुर्ची ओढतात, घसा साफ करतात. शेजारच्या मास्तरीणबाई आपला पाट घेऊन येतात, जणू कीर्तनच आहे. आई भाजी निवडत बसते. आणि तुझी बायको स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी. आत येऊन बसत नाही, आत जातही नाही. पत्र संपत आलं की तिला कळतं, कारण तुझं पत्र नेहमी गुडघ्याच्या गोळीनंतर संपतं. ‘इतरांना यथायोग्य’ झालं की ती वळते आणि ओटा पुसायला लागते. आधीच पुसलेला.

ही पद्धत तू पाडली नाहीस, हे मला कळतं. आपल्या घरी कुणाचंही पत्र सगळ्यांचं असतं. पण चार वर्षांत तुला दुसरा पत्ता सुचला नाही? फोनचं म्हणशील, तर फोन मास्तरीणबाईंच्या बैठकीत. तिथे तीन मिनिटांत ती काय बोलणार, आणि कुणाकुणासमोर?

मसुदा मी लिहून देणार नाही. निबंध वेगळे होते. गाईवर मी लिहू शकत होते, कारण गाय मला माहीत होती.

ती चष्म्याच्या दुकानात जाते, हे तरी लक्षात आहे ना? आता जवळजवळ तीच दुकान चालवते. मालकांना कमी दिसायला लागलंय. दुकानाचा पत्ता मागे लिहिला आहे. पाकिटावर तिचं नाव घाल, आणि आत तिलाच लिही.

इथले सगळे बरे. तुझे भाऊजी विचारत होते, मी पत्र का लपवलं. त्यांना वाटतं, मला माहेरून काही मिळालं.

तुझ्यावर रागावून, पण तुझीच,
ताई

---

१ फेब्रुवारी

सौ. ... हिला,

सुरुवात कशी करावी कळत नाही. ताई म्हणेल ‘प्रिय’ लिही. लिहिलं, आणि तो कागद फाडला, कारण तो शब्द मी आजवर कुणालाच लिहिलेला नाही. बाबांच्या पिढीत नवरे बायकोला ‘अनेक आशीर्वाद’ लिहायचे. मी तुला कसले आशीर्वाद देणार? तर सप्रेम नमस्कार.

तू बरी असशील. मी बरा आहे. इकडे थंडी आहे. तुझं दुकान कसं चाललंय?

मी राहतो ती खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्याबरोबर अजून दोघं राहतात, एक सुतार आणि एक बेकरीत काम करणारा. बेकरीवाला पहाटे तीनला उठतो, तेव्हा आम्हीही उठतो, मग पुन्हा झोपतो. माझं काम लिफ्टचं, ते तुला माहीत आहे. लिफ्टमध्ये मुख्य गोष्ट दोर नसून ब्रेक असते. लोकांना वाटतं दोर तुटेल, पण दोर सहसा तुटत नाही. ब्रेक मात्र नीट तपासावा लागतो. ब्रेकचे दोन पट्टे असतात आणि त्यांच्यात कागदाइतकी फट राहिली पाहिजे...

(पुढची दीड पानं मी आत्ता परत वाचली. ती ब्रेकबद्दलच आहेत. तरी ठेवतो.)

कचेरीचं काय झालं ते ताईनं सांगितलं असेल. मार्चअखेर मुदत आहे. तू मला पत्र लिहावंस, आणि मी तुला, म्हणजे ती जोडता येतील. चार-पाच झाली तरी पुरतील असं भाषांतरकार म्हणाले. लवकर लिही.

प्रकृतीला जप.

तुझा,
मी

---

१५ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात आलं. पोस्टमननं ते मालकांना न देता मला दिलं. पाकिटावर माझं नाव होतं, ते मी तीनदा वाचलं. मग एका बाईंच्या फ्रेममध्ये भिंगं बसवायची होती ती बसवली, आणि जेवणाच्या सुट्टीत पाकीट उघडलं.

ब्रेकबद्दल वाचलं. कागदाइतकी फट ठेवतात, हे लक्षात राहील.

आता मला जे विचारायचंय ते विचारते. त्या कचेरीनं खुलासा मागितला नसता, तर हे पत्र आलं असतं का? उत्तर मला माहीत आहे, म्हणून लिहू नका. तुम्ही मला पत्र लिहिलेलं नाही. फायलीत एक कागद कमी होता, तो माझ्या पत्त्यावरून फिरवून आणताय. तुम्ही चार लिहिणार, मी चार लिहिणार, आणि मग एक म्हातारे गृहस्थ त्यांचं भाषांतर करणार. त्यांना माझा नमस्कार सांगा. पण त्यांच्यासाठी मी लिहू शकत नाही.

रागावून लिहितेय असं समजू नका. आधी राग होता. पहिल्या वर्षी तुमचं पत्र आलं की माझ्या छातीत धडधडायचं. बाबा पान उलटायचे तसं मला वाटायचं, पुढच्या पानावर असेल. दुसऱ्या वर्षी मी कान देऊन ऐकायची, मोटर आणि थंडी यांच्या मधे कुठे काही लपवलंय का. तिसऱ्या वर्षापासून हात धुऊन होईपर्यंतच ऐकते. आई-बाबा माझ्याशी वाईट वागत नाहीत, हे मुद्दाम लिहिते. बाबा माझ्यासाठी रोजचं वर्तमानपत्र आधी मोकळं करून ठेवतात. पण मी ज्यांची म्हणून या घरात आहे, त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

आपण एकत्र राहिलो पाच महिने, आणि मधे तुम्ही आलात ते तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत घरी रोज पाहुणे. आपण दोघं एकटे भेटलो ते गच्चीवर कपडे वाळत घालताना.

आणखी एक. मालक दुकान बंद करणार आहेत किंवा मला देणार आहेत. म्हणाले, तू घेत असशील तर तुला, नाहीतर भंगारात. त्यांना मे महिन्यापर्यंत उत्तर हवं. भिंगं घासायचं जुनं मशीन आहे, काउंटर आहे, आणि गावातल्या अर्ध्या लोकांचे नंबर लिहिलेल्या वह्या. मला हे काम येतं. त्यामुळे मी तिकडे येईन ती इथे काही नाही म्हणून येणार नाही.

तुम्हाला खरंच लिहायचं असेल, तर एक पत्र असं लिहा, जे त्या कचेरीत दाखवायचं नाही. कधीच. ते वाचून मी यायचं की नाही ठरवीन. लिहिता नाही आलं तरी ठरेलच.

घाई तुम्हाला आहे हे कळतं. मलाही आहे.

ओल्या हातांचीच,
मी

---

२६ फेब्रुवारी

प्रिय,

या वेळी कागद फाडला नाही.

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. चार दिवस मी नीट जेवलो नाही. सुतार म्हणाला, घरून वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, खरी आहे.

आधी हे सांगतो, की मी तुला का लिहिलं नाही. लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य मला बाबांच्या आवाजात ऐकू यायचं. थंडी बाबांच्या आवाजात शोभायची, मोटरही शोभायची. तुझ्यापाशी यायचो, आणि घसा साफ केल्याचा आवाज यायचा. मग मी आईच्या गुडघ्यावर जायचो. वेगळ्या पत्त्याचं सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं, दुसऱ्या वर्षी. पण तोवर इतकं साठलं होतं, की एकदम काय लिहावं याची भीती वाटली. भीती म्हणजे, तू विचारशील की इतके दिवस कुठे होतास.

आता एक घडलेली गोष्ट. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका जुन्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे. आमची रीत अशी, की मिस्त्री वर मशीनच्या खोलीत जातो, हातानं ब्रेक सोडून चाक फिरवतो, आणि दुसरा माणूस बंद दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी बोलत राहतो. बोलणं थांबवायचं नाही. थांबलं की आतला माणूस घाबरतो. त्या दिवशी चाक अडकलं होतं. पाऊण तास लागला. आत अंधार, बाई रडायला लागलेली. मी तिला माझं गाव सांगितलं, हवा सांगितली, लिफ्ट कशी चालते ते सांगितलं. सगळं संपलं. तिनं आतून विचारलं, लग्न झालंय का? मग मी तुझ्याबद्दल बोलायला लागलो.

माझी इथली भाषा मोडकी आहे. पण मी थांबलोच नाही. मी तिला सांगितलं, की माझी बायको समोर येणाऱ्या माणसाचा चष्मा आधी बघते, मग माणूस. मी तिला सांगितलं, की लग्नानंतरच्या पाच महिन्यांत माझ्या चष्म्याची काडी सहा वेळा वाकडी झाली. दर वेळी तू माझ्यासमोर उभी राहायचीस, दोन्ही हातांनी चष्मा काढायचीस, काडी सरळ करून परत चढवायचीस, आणि मागे बोटं घालून कानाशी तपासायचीस. घरातले सगळे आजूबाजूला असायचे, आणि कुणाला काही वावगं वाटायचं नाही, कारण ते काम होतं. बाबा म्हणायचे, काय हलकी फ्रेम घेतलीस. फ्रेम हलकी नव्हती. काडी मी वाकवायचो. न्हाणीत जाऊन, दाराच्या फटीत धरून.

दार उघडलं तेव्हा बाई बाहेर आली, माझा हात धरला, आणि म्हणाली, हे सगळं बायकोला सांगितलं आहेस ना? मी हो म्हटलं. खोटं बोललो. घरी आलो आणि बाबांना पत्र लिहिलं. त्यात मोटरबद्दल विचारलं.

मला लाज वाटते ती याची. चार वर्षं तुझ्यासाठी साठवलेलं मी एका अनोळखी बाईला पाऊण तासात देऊन टाकलं.

तू दुकान घ्यावंस असं वाटलं तर घे. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. तू आलीस तर मला हवी आहेस. फाइल पुरी व्हायला नको.

हे पत्र तुझं. कचेरीला काय द्यायचं ते मी बघतो.

तुझाच

---

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

परवा ताई येऊन गेली. जाण्यापूर्वी तिने मला माडीवर बसवून सर्व हकिकत सांगितली. व्हिसाचे कागद कमी पडले असे तू मला लिहिले होतेस. कागद कमी पडले नव्हते, हे आता समजले.

मी तुझी पत्रे पुन्हा काढली आणि सर्व वाचली. या वेळी मनात वाचली. मोठ्याने वाचताना ती मला फार चांगली वाटत असत. वाक्यांना ठसका येई, मास्तरीणबाई मान डोलवत. मनात वाचताना असे दिसले की एक माणूस एकाच दारासमोरून एक्केचाळीस वेळा निघून गेला आहे. दार मी अडवले होते, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी समजावे, याचे वाईट वाटते.

मी वकिलांकडे जाऊन शपथपत्र केले आहे. सोबत जोडतो. त्यात लिहिले आहे, की या घरात आलेले प्रत्येक पत्र कुटुंबप्रमुख या नात्याने मी सर्वांसमोर मोठ्याने वाचतो. सबब माझ्या मुलाने पत्नीस उद्देशून काही न लिहिणे हा त्याचा संकोच असून त्याचे कारण मी आहे. आणि ‘इतर’ या शब्दात माझी सून समाविष्ट आहे, किंबहुना तीच आहे, कारण घरात अन्य कोणी इतर नाही. वकील म्हणाले, अशा मजकुराचे शपथपत्र त्यांनी तीस वर्षांत केले नाही.

तुझ्या आईला हे सर्व सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्ही नोकरीच्या गावाहून अकरा वर्षे पत्रे पाठवलीत, तीही मामंजींच्या नावानेच येत. एवढे बोलून ती परत निवडायला लागली. मी समोर बसून तिच्याबरोबर निवडू लागलो.

सूनबाईंना वकिलातीतून मुलाखतीचे बोलावणे येईल असे ताई म्हणते. मी सोबत जाईन. यापुढे तिच्या नावचे पाकीट घरी आले तर ते न उघडता तिच्या हाती दिले जाईल. थोडी उत्सुकता राहील, तिचे माझे मी बघेन.

पाण्याची मोटर उत्तम चालू आहे. आता विचारू नये.

तुझा,
बाबा

---

३ एप्रिल

अहो,

तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मुद्दाम नाही. रोज दुकानात कागद घ्यायची, आणि गिऱ्हाईक यायचं.

आधी काडीचं. मला माहीत होतं. काडी सहा वेळा एकाच जागी वाकत नाही. शिवाय दाराच्या फटीचा रंग तिला लागलेला असायचा. स्क्रू पूर्ण आवळला असता तर ती इतक्या सहज वाकली नसती. मी दर वेळी तो अर्धा फेरा सैल ठेवायची.

आता मुलाखत. काल झाली.

बाबा सोबत होते. आदल्या दिवशी त्यांनी माझी कागदपत्रं क्रमानं लावली, वर अनुक्रमणिका लिहिली. वकिलातीत त्यांना बाहेर बसवलं. मला एका काचेपुढे उभं केलं. पलीकडे एक बाई, माझ्याच वयाची असेल, आणि बाजूला दुभाषी. तिच्यापुढे आपली फाइल. बाबांचं शपथपत्र वरच होतं, त्यावर कुणीतरी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तिनं विचारलं, तुम्ही एकत्र किती राहिलात. मी सांगितलं. मग विचारलं, ते झोपेत घोरतात का, चहात साखर किती घेतात. मी सांगितलं, पण ते तर आईही सांगू शकल्या असत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. मग तिनं विचारलं, की तुम्हाला त्यांचं एकही पत्र आलेलं नाही का. मी म्हटलं, दोन आली. एक ब्रेकबद्दल आहे. तिनं दुसरं मागितलं.

ते माझ्या पर्समध्ये होतं. मी नाही म्हटलं.

दुभाष्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यानं हळूहळू पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कळलाय. अधिकारी बाईंनी विचारलं, का नाही. मी सांगितलं, की ते मला आलेलं पत्र आहे. तुम्हाला दिलं की ते तुमच्या फायलीतलं बेचाळिसावं होईल.

दुभाष्यानं ते सांगताना जरा वेळ घेतला. ती मग म्हणाली, ठीक आहे, पण मला काहीतरी सांगा जे दुसऱ्या कुणालाही माहीत नसेल.

मला काही आठवेना. खरंच सांगते, डोकं रिकामं झालं. मागे रांगेत एक मूल रडत होतं. आणि मग माझ्या तोंडून जे रोज दुकानात येतं तेच आलं. मी म्हटलं, उजवा उणे सव्वादोन, डावा उणे तीन. डाव्याला सिलिंडर पाऊण, अक्ष एकशेसत्तर. दोन बाहुल्यांमधलं अंतर त्रेसष्ट मिलिमीटर. दुभाषी थांबला, त्याला शब्द येईनात. मी पुढे सांगत गेले, की त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली आहे. त्यांनासुद्धा हे माहीत नाही. म्हणून त्यांच्या चष्म्याची डावी काडी दोन मिलिमीटर जास्त खाली वळवावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं चष्मा केला, तर तो तिरका बसेल.

तिनं फाइल मागे उलटली. अर्जावर तुमचा फोटो होता, तिकडे गेल्यावर काढलेला, नव्या चष्म्यातला. तिनं तो जवळ धरला, मग पट्टी घेतली. दुभाषी वाकून बघायला लागला. मला इकडून दिसत नव्हतं, पण मला बघायची गरज नव्हती.

ती हसली वगैरे नाही. बराच वेळ लिहीत होती. मग म्हणाली, कळवू.

एक कागद पर्समधून काढून दिला असता तर बहुतेक सगळं तिथेच संपलं असतं. मी दिला नाही. कदाचित मी माझ्या हातानं हे मोडलंय. बाबा बाहेर बाकावर होते. त्यांनी दोन चहा घेऊन ठेवले होते, माझा गार झाला होता. तो त्यांनी घेतला आणि माझ्यासाठी दुसरा आणला.

तुम्हाला राग आला तर मलाच लिहा.

तुमची

---

१६ एप्रिल

प्रिय,

राग आला. दोन दिवस आला. तुला सांगितलेलं बरं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होतो आणि मनात तुझ्याशी भांडत होतो. चार वर्षं कचेऱ्यांच्या रांगा, बोटांचे ठसे, दर वेळी नवा फॉर्म, आणि तू नाही म्हणालीस.

मी दाखवलं असतं. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्यांदा मागितल्यावर काढून दिलं असतं. तू विचारलं नाहीस, पण हे तुला माहीत असायला हवं.

तिसऱ्या दिवशी आरशात बघितलं. चष्मा खरोखर तिरका आहे. तीन वर्षं मी मान वाकडी करून फिरतोय. मिस्त्री म्हणतो, त्याला वाटायचं मी सगळ्यांवर संशय घेतो.

अजून उत्तर नाही. कामावरून आलो की जिन्याखालची पत्रांची पेटी उघडतो. मग वर जातो, कोट काढतो, आणि पुन्हा खाली जाऊन उघडतो. सुतारानं आता किल्ली काढून घेतलीय.

तू मालकांना काय सांगितलंस?

तुझाच

---

११ मे

अहो,

काल वकिलातीचं पाकीट आलं. बाबांनी ते माझ्या हातात दिलं आणि गच्चीवर निघून गेले. आई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी विळी बाजूला केली आणि म्हणाल्या, उघड.

व्हिसा मिळाला आहे.

मला वाटलं होतं, होकार आला तर आनंद होईल आणि नकार आला तर दुकान आहे. होकार आला, आणि मी नुसतीच बसले. आईंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं, की मला भीती वाटतेय. वाट बघायची सवय झाली होती, तिच्यात कसं राहायचं ते येत होतं.

आज मालकांना सांगितलं. ते म्हणाले, मशीन भंगारात देणार नाही, वर्षभर झाकून ठेवीन. वर्षभर का, ते मी विचारलं नाही.

सोबतचे कागद मी मास्तरीणबाईंच्या फोनवरून वकिलातीतल्या दुभाष्याला विचारून समजून घेतले. तिकडे पोचल्यावर महिन्याच्या आत नाव नोंदवायचं. कामाच्या परवान्याचा अर्ज वेगळा, तो मी तिकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात करणार आहे. मग दोन वर्षांनी आपल्याला पुन्हा बोलावणार, अजून एकत्र आहोत का ते बघायला. नागरिकत्वाचं त्यानंतर. म्हणजे हे विचारणं संपलेलं नाही. दोन वर्षांनी ते विचारतील तेव्हा काय उत्तर असेल ते मला आज माहीत नाही. तुम्हालाही नसणार.

तुम्ही पत्र दाखवलं असतंत, हे लिहिलंत ते बरं केलंत. ते वाचलं होतं म्हणूनच मी आज तिकीट काढायला सांगितलं. गोड लिहिलं असतंत तर कदाचित थांबले असते.

तिघांच्या खोलीत मी राहणार नाही. छोटी चालेल, पण वेगळी बघा.

विमान तीस तारखेला सकाळी सव्वासहाला उतरतं. मी बाहेर येईन तेव्हा आधी तुम्ही बोला. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढा वेळ घाबरू नका.

पत्राच्या शेवटी लोभ असावा अशी विनंती करतात. मी विनंती करत नाही. मी बघायला येते आहे.

तुमची